लॅपटॉपवरील लिनक्समधील सामान्य अडचणी

लॅपटॉपवर लिनक्स ही संचालन प्रणाली वापरताना काही ठरावीक अडचणी वारंवार येतात. वाय-फाय न जोडले जाणे, पडदा काळा राहणे, आवाज न येणे, झाकण मिटल्यावरही बॅटरी उतरणे, घड्याळ चुकणे आणि देवनागरी मजकूर नीट न दिसणे या त्यांतील प्रमुख होत. यांतील बहुतेकांचे मूळ लिनक्सच्या गाभ्यात नसून यंत्रभागाचा ड्रायव्हर, त्याचे फर्मवेअर किंवा बायोसमधील मांडणी यांत असते. त्यामुळे अडचण आली की संपूर्ण प्रणाली पुन्हा बसवणे हा उपाय क्वचितच आवश्यक ठरतो.

पार्श्वभूमी

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. बाजारातील बहुसंख्य लॅपटॉप मात्र विंडोजसह विकले जातात व त्यांचे सुटे भाग प्रथम विंडोजवर तपासले जातात. लिनक्ससाठीचे ड्रायव्हर काही उत्पादक स्वतः पुरवतात, तर काही स्वयंसेवक तयार करतात. नव्याने आलेल्या लॅपटॉपवर अडचणी अधिक आणि दोन-तीन वर्षे जुन्या लॅपटॉपवर कमी दिसतात, त्याचे हे कारण आहे.

विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागत असल्याने चालू स्थितीतील अनेक लॅपटॉप त्यास अपात्र ठरतात. अशा यंत्रांना सुरक्षा सुधारणा मिळत राहण्याचा एक मार्ग म्हणजे लिनक्स होय. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा संगणकांच्या सुट्या भागांचा व वापरलेल्या लॅपटॉपांचा जुना बाजार आहे. पेनड्राइव्हवरील 'लाइव्ह' लिनक्स सुरू करून वाय-फाय, आवाज, कॅमेरा आणि टचपॅड चालतात की नाही हे काहीही न बसवता तपासता येते. त्यामुळे जुना लॅपटॉप घेणाऱ्यास खरेदीपूर्वीच खात्री करून घेणे शक्य होते.

निदानाची पद्धत

निदानाची सुरुवात यंत्रभाग ओळखण्यापासून होते. 'एलएसपीसीआय' ही आज्ञा अंतर्गत भागांची आणि 'एलएसयूएसबी' ही यूएसबीने जोडलेल्या भागांची यादी देते. 'डीमेसेज' व 'जर्नलसीटीएल' या आज्ञांतून गाभ्याच्या व प्रणालीच्या नोंदी वाचता येतात. यादीत भाग दिसतो पण चालत नाही, तर ड्रायव्हर किंवा फर्मवेअरचा दोष संभवतो. यादीतच दिसत नसेल, तर तो बायोसमध्ये बंद केलेला, सैल किंवा नादुरुस्त असू शकतो. एका वेळी एकच बदल करून परिणाम पाहणे हितावह असते, अन्यथा कोणत्या बदलाने काय झाले हे कळत नाही.

स्थापनेच्या वेळच्या अडचणी

स्थापनेतील सर्वांत गंभीर हानी विदा नष्ट होण्याची असते. विंडोज ठेवूनच लिनक्स बसवायचे असल्यास आधी विद्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली जाते. बिटलॉकर कूटबद्धीकरण चालू असल्यास त्याची पुनर्प्राप्ती कळ लिहून ठेवणे अत्यावश्यक आहे. बायोसमधील सिक्युअर बूटची मांडणी बदलताच विंडोज ती कळ मागू शकते.

काही लॅपटॉपांवर स्थापना कार्यक्रमाला एसएसडी दिसतच नाही. इंटेलची आरएसटी किंवा व्हीएमडी मांडणी चालू असणे हे त्याचे नेहमीचे कारण असून ती 'एएचसीआय'वर नेल्यास डिस्क दिसू लागते. मात्र पूर्वतयारीशिवाय हा बदल केल्यास आधीचे विंडोज सुरू होत नाही. विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' चालू असल्यास विंडोजचे विभाजन पूर्णपणे बंद झालेले नसते, म्हणून लिनक्स ते केवळ वाचनापुरते उघडते. ही सुविधा बंद करणे हा त्यावरचा उपाय आहे.

बत्तीस-बिट प्रोसेसरच्या फार जुन्या यंत्रांसाठी पर्याय घटत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये त्यांच्यासाठी स्थापना कार्यक्रम नाही.

वाय-फाय

वाय-फायच्या चिपला ड्रायव्हरखेरीज फर्मवेअरची फाइल लागते. ती मुक्त परवान्याखाली नसल्याने काही वितरणे ती पूर्वी सोबत देत नसत. डेबियनने जून २०२३ मधील आवृत्ती १२ पासून अधिकृत स्थापना प्रतीत तिचा समावेश केला. ब्रॉडकॉमच्या आणि रिअलटेकच्या काही चिपांबाबत ही अडचण विशेष आढळते. जाळेच नसताना फर्मवेअर उतरवून घेण्यासाठी मोबाइल यूएसबीने जोडून त्याचे इंटरनेट वापरता येते. 'आरएफकिल' या आज्ञेने वाय-फाय आज्ञावलीने बंद आहे की लॅपटॉपवरील बटणाने, हे कळते.

पडदा आणि आवाज

सुरू होताना पडदा काळा राहत असल्यास ग्राफिक्स ड्रायव्हर हे संभाव्य कारण असते. बूट करताना गाभ्याला 'नोमोडसेट' हा पर्याय दिल्यास साध्या रीतीने पडदा सुरू होतो व मग योग्य ड्रायव्हर बसवता येतो. हा पर्याय तात्पुरता असतो. एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसवूनही चालत नसल्यास सिक्युअर बूटने तो अडवलेला असू शकतो. अशा वेळी ड्रायव्हरची स्वाक्षरी-कळ पुढील बूटच्या वेळी नोंदवावी लागते.

आवाज येत नसल्यास प्रथम चुकीचे ध्वनिसाधन निवडले आहे का आणि 'अल्सामिक्सर'मध्ये एखादी वाहिनी बंद आहे का, हे पाहिले जाते. इंटेलच्या अनेक नव्या लॅपटॉपांना 'साउंड ओपन फर्मवेअर'ची फाइल लागते.

बॅटरी, उष्णता आणि घड्याळ

झाकण मिटल्यावर बॅटरी झपाट्याने उतरण्याचे कारण निद्रेच्या प्रकारात असते. जुन्या 'एस३' निद्रेत स्मृती वगळता जवळजवळ सर्व भाग बंद होतात. नव्या लॅपटॉपांवरील निद्रेत एखादा भाग जागा राहिला तरी वीज खर्च होत राहते. 'पॉवरटॉप' कोणता भाग किती वीज घेतो याचा अंदाज देते. 'टीएलपी' व 'पॉवर प्रोफाइल्स डीमन' ही दोन्ही साधने एकाच वेळी चालवल्यास ती परस्परांच्या कामात अडथळा आणतात. पंखा सतत फिरत असल्यास आज्ञावलीआधी पंख्यातील धूळ व सुकलेले थर्मल पेस्ट तपासणे योग्य ठरते.

विंडोज यंत्रातील घड्याळ स्थानिक वेळेनुसार ठेवते, तर लिनक्स जागतिक प्रमाणवेळेनुसार. त्यामुळे भारतात लिनक्सनंतर विंडोज सुरू केल्यास वेळ साडेपाच तास मागे दिसते. दोन्हींपैकी एका प्रणालीची पद्धत बदलल्यास हा दोष जातो. याउलट तारीख काही वर्षे मागे गेली असल्यास बायोसची बटणासारखी बॅटरी संपलेली असते. अशा वेळी संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे अवैध ठरतात व अद्ययावतीकरणही अडते, म्हणून हा दोष अनेकदा इंटरनेटचा दोष समजला जातो.

मराठी मजकूर

युनिकोडपूर्व काळातील फॉन्टांत टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसल्यास निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो. गिरगाव, दादर यांसारख्या प्रकाशन व मुद्रण व्यवसायाच्या परिसरांत श्रीलिपीसारख्या आज्ञावलींतील असे जुने दस्तऐवज आढळतात. हा लिनक्सचा दोष नसून असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो.

टंकनासाठी 'आयबस'मध्ये इनस्क्रिप्ट व उच्चारानुसारी कळफलक उपलब्ध असतात. ते बसवल्यावर एकदा लॉग-आउट करावे लागते. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे भिन्न शब्द असून दुसऱ्यासाठी 'ऱ' हे अक्षर लागते. इनस्क्रिप्टमध्ये ते शिफ्टसह 'जे' कळेवर असते. मराठी वळणाचे 'ल' व 'श' काही फॉन्टांत मजकुराची भाषा मराठी निवडल्यावरच दिसतात. लोहित देवनागरी, नोटो सान्स देवनागरी आणि मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्त परवान्याचा मुक्त हे फॉन्ट लिनक्सवर वापरता येतात. टर्मिनलमध्ये प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीची चौकट असल्याने तेथे जोडाक्षरे व मात्रा बहुधा विस्कळीत दिसतात. फाइलमधील मजकूर मात्र शाबूत असतो.

शिक्षण व साहाय्य

आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सवरील दृक्-श्राव्य पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत. साहाय्य मागताना लॅपटॉपचा नेमका प्रतिमान क्रमांक, वितरणाची व गाभ्याची आवृत्ती आणि दोषसंदेशाचा मूळ मजकूर दिल्यास निदान लवकर होते.