शीतवाहतुकीचे मार्गनियोजन

दूध, मासळी, लस यांसारखा नाशवंत माल ठरावीक तापमानात राखून, अल्पतम इंधनात व नेमल्या वेळी मुक्कामी पोहोचावा, यासाठी गाड्यांची भरती, क्रम आणि वेळ आगाऊ मुक्रर करण्याचे शास्त्र. गाड्यांच्या मार्गनियोजनाच्या प्रश्नाची गणिती मांडणी डँट्झिग व रॅम्झर यांनी 1959 मध्ये पेट्रोलच्या टँकरांसाठी केली. शीतगाडीत मात्र अंतराबरोबर उष्णतेचाही हिशेब ठेवावा लागतो, कारण उणे 18 अंशांवर राखलेल्या मालाच्या पेटीचे दार उघडताच दमट हवा आत शिरते, आतल्या नळ्यांवर हिम साचते आणि गाडी उभी असतानाही शीतयंत्राचे इंधन जळत राहते.

या शास्त्राची खरी कसोटी वसई तालुक्यातील नायगावसारख्या ठिकाणी लागते. खाडीपलीकडचे भाईंदर नकाशावर अगदी समोर दिसते. परंतु खाडीवरचा लोहमार्गाचा पूल मोटारीच्या उपयोगाचा नसल्याने, रस्त्याने मुंबईकडे निघालेल्या गाडीस बापाणे येथे राष्ट्रीय महामार्ग 48 गाठून, घोडबंदरनजीकच्या वर्सोवा पुलावरून वळसा घ्यावा लागतो. सरळ रेषेवर विसंबलेला आराखडा येथे कुचकामाचा ठरतो.

रहदारी वाढण्यापूर्वी पूल ओलांडणे, निघण्याआधी पेटी थंड करणे, शेवटी उतरवायचा माल आधी भरणे आणि परतीची फेरी रिकामी न ठेवणे हे मुख्य उपाय होत. त्यांत शेवटचा सर्वांत लाभदायक आणि, खेदाची गोष्ट ही की, सर्वांत दुर्लक्षित आहे. वाचलेल्या इंधनाने प्रदूषणही घटते, कारण एक लिटर डिझेल जळल्याने सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो.