रेव्ह. टिळकांविषयींचें भाकीत व शास्त्रार्थाची कसोटी

अहमदनगर (हल्लींचें अहिल्यानगर) येथें अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें १८३१ सालीं बसलें व १८४२ सालीं तेथूनच ‘ज्ञानोदय’ पत्र निघालें. ख्रिस्ती शास्त्राचा मराठींत अर्थ लावण्याचा या जिल्ह्याचा व्यासंग तेव्हांपासूनचा आहे. त्या शास्त्रांतील भविष्यकथनें कोणत्या कसोटीनें वाचावीं, हा प्रश्न इतिहाससंशोधकासहि परका नाहीं. नगरास दीर्घकाल राहिलेल्या एका थोर पुरुषाच्या चरित्रांतील प्रसंगावरून तो येथें तपासूं.

रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) हे १८९३ सालीं आगगाडीनें राजनांदगांवास जात असतां एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांस नवा करार दिला व दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें सांगितलें, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस झाला. परंतु विन्स्लोकृत टिळकचरित्र १९२३ सालचें, व लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४ सालचा. दोन्ही लेख फलितानंतरचे होत. एवढ्यावरून हकीकत खोटी ठरत नाहीं. मात्र मुदतीच्या नेमकेपणावर फार भार घालणें उचित नव्हे. शिवाय टिळकांचें मन वळलें तें भाकितानें नव्हे, तर गिरिप्रवचनाच्या वाचनानें व मननानें.

सभासदाच्या बखरींत अफझलखानाच्या वधापूर्वीं श्रीभवानीचें आश्वासन आलें आहे. वध १६५९ चा, बखर त्यानंतर सुमारें चाळीस वर्षांची. तेथें आपण जी सावधगिरी बाळगतों, तीच पवित्र ग्रंथासहि लागू करणें यांत अनादर नाहीं. दानीएलाच्या ग्रंथांतील दृष्टांत बाबेलच्या बंदिवासाच्या काळीं घातलेले आहेत. परंतु अनेक पंडित त्यांची रचना इ. स. पूर्वीं १६५ च्या सुमारास, अंतियोख राजाच्या छळाच्या काळीं, झाली असें मानतात. परंपरानिष्ठांस हें मान्य नाहीं. तथापि पीडित लोकांस धीर देणें हा त्या ग्रंथाचा हेतु उभय पक्षीं स्पष्ट आहे.

हा हेतु सोडून केवळ आंकडे धरल्यास काय होतें, याचें उदाहरण अमेरिकेंतच घडलें. विल्यम मिलर यानें दानीएलाचे २३०० दिवस म्हणजे वर्षें असें धरून ख्रिस्ताच्या पुनरागमनाचा काळ काढला. अनुयायांनीं अखेर २२ आक्टोबर १८४४ हा दिवस ठरविला. कित्येकांनीं कामधंदे सोडले. दिवस उगवला तसा मावळला. नगरचें ‘ज्ञानोदय’ त्या वेळीं दोन वर्षांचें होतें.

दुसरी सावधगिरी शब्दांची. यशयानें आहाज राजास सांगितलेल्या चिन्हांत ‘अल्मा’ हा इब्री शब्द आहे. त्याचा अर्थ तरुण स्त्री. ग्रीक भाषांतरांत तेथें कुमारीवाचक शब्द आला, व मत्तयानें तोच घेतला. म्हणून आहाजास त्या संकटकाळीं काय कळलें, आणि पुढें ख्रिस्ती मंडळीनें त्यांत काय वाचिलें, हे दोन अर्थ निरनिराळे मांडावे. एकानें दुसरा पुसूं नये.

मराठींत या वक्त्यांस ‘भविष्यवादी’ व ‘संदेष्टा’ अशीं दोन्ही नांवें आढळतात. पहिल्या नांवानें वाचक पंचांग शोधूं लागतो. दुसऱ्यानें निरोप ऐकूं लागतो. हे वक्ते प्रथम आपल्या काळच्या राजांस व प्रजेस अन्यायाबद्दल बजावीत असत, हें ध्यानांत घेतां दुसरें नांव अधिक यथार्थ दिसतें. टिळकांनींहि त्या सहप्रवाशाचें भाकीत बाजूस ठेवून त्यानें दिलेलें पुस्तकच वाचिलें. शास्त्रार्थाची खरी वाट तीच होय.