रानटी नेमकं कोण? ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ आणि तीन तारखा

पीएचडीच्या प्रस्तावात ‘माणूस मुळातच हिंसक आहे’ असं वाक्य आलं की त्यापाठोपाठ हमखास एक कादंबरी येते. विल्यम गोल्डिंगची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’, १९५४. निर्जन बेटावर अडकलेली इंग्लिश शाळकरी मुलं, मोठं माणूस एकही नाही. आधी शंख वाजवून सभा भरवतात, नंतर तोंडं रंगवतात आणि शेवटी आपल्यातल्याच दोघांचा जीव घेतात. सुसंस्कृतपणाचा थर किती पातळ असतो, हे यातून ‘सिद्ध’ होतं म्हणे.

सिद्ध कसं होईल? निरीक्षणंही लेखकाची आणि निष्कर्षही त्याचाच! तुम्ही इतिहासाच्या अंगाने काम करणार असाल तर वेगळा प्रश्न विचारून बघा. ही कादंबरी कोणाला उत्तर म्हणून लिहिली गेली?

त्यासाठी १८५७ मध्ये जावं लागेल. त्या साली आर. एम. बॅलंटाइन या स्कॉटिश लेखकाची ‘द कोरल आयलंड’ प्रसिद्ध झाली. तिच्यात तीन मुलं पॅसिफिकमधल्या बेटावर अडकतात. त्यांची नावं राल्फ, जॅक आणि पीटरकिन. गोल्डिंगच्या दोन मुख्य मुलांची नावंही राल्फ आणि जॅकच आहेत, आणि हा योगायोग नाही. बॅलंटाइनची मुलं शहाणी, धीट, देवभीरू. रानटीपणा सगळा बाहेरचा, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा आणि चाच्यांचा. आणि गंमत म्हणजे पॅसिफिक बघितलाच नव्हता या लेखकाने. त्याच्या नारळांना वरचं सोडणच नव्हतं. इंग्लंडच्या दुकानात मिळणारा सोललेला नारळ त्याने थेट झाडाला लावला! कोकणातल्या पोरानेही ही चूक पकडली असती. चूक कळल्यावर मात्र तो सुधारला. दीपगृहावर पुस्तक लिहायचं ठरल्यावर आधी बेल रॉक दीपगृहात जाऊन राहिला.

अशी पुस्तकं वाचत इंग्लंडमधल्या पिढ्या मोठ्या झाल्या. गोल्डिंग त्यांतलाच. ऑक्सफर्डला आधी दोन वर्षं विज्ञान शिकला, मग साहित्याकडे वळला. दुसऱ्या महायुद्धात तो नौदलात होता, नॉर्मंडीच्या चढाईतही होता. परतल्यावर सॉल्झबरीच्या शाळेत मास्तरकी करू लागला. युद्धात त्याने जे पाहिलं ते कोणा ‘रानटी’ टोळीने नव्हे, चांगल्या शाळांत शिकलेल्या युरोपियनांनी केलं होतं. हस्तलिखिताचं मूळ नाव ‘स्ट्रेंजर्स फ्रॉम विदिन’ होतं, म्हणजे परके आहेत ते आपल्याच आत. बॅलंटाइनला दिलेलं उत्तर या नावातच आहे. शेवटी मुलांना वाचवायला येणारा नौदल अधिकारी ‘कोरल आयलंड’चं नाव काढतो. तो स्वतः युद्धनौकेवरून उतरलेला असतो.

(विज्ञानवाल्यांसाठी: पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे चष्म्यात अंतर्गोल भिंग. त्याने सूर्यकिरण फाकतात, एकवटत नाहीत, त्यामुळे त्याच्या चष्म्याने आग पेटणं शक्यच नाही. दोन वर्षं विज्ञान शिकूनसुद्धा!)

पण माझ्या मते गोल्डिंग इथे अर्धवट थांबला. रानटीपणा इंग्लिश मुलांच्या आत आहे असं त्याने म्हटलं खरं, पण तो दाखवायला सामान सगळं बॅलंटाइनचंच घेतलं: रंगवलेले चेहरे, भाले, शेकोटीभोवतीचा नाच. बॅलंटाइनच्या त्या ‘रानटी’ लोकांचं प्रत्यक्षात काय झालं, हा प्रश्न दोन्ही पुस्तकांत येत नाही.

इथे दुसरी तारीख: १८६३. ‘कोरल आयलंड’ला जेमतेम सहा वर्षं झाली होती. टोंगाच्या दक्षिणेला ‘अता’ नावाचं छोटं बेट आहे. पेरूमध्ये तेव्हा मजुरांना मागणी होती, आणि त्या व्यापारासाठी एका जहाजाने बेटावरचे सुमारे १४० लोक फसवून पळवून नेले. उरलेल्यांना टोंगाच्या राजाने एउआ बेटावर हलवलं. अता ओस पडलं. कथांमधली ‘निर्जन बेटं’ सहजपणे निर्जन असतात. हे बेट निर्जन केलं गेलं.

तिसरी तारीख १९६५. टोंगाच्या राजधानीतल्या शाळेतून पळालेली सहा मुलं वादळात भरकटून याच बेटाला लागली. तिथे ती पंधरा महिने राहिली. कामं वाटून घेतली, आग विझू दिली नाही, एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी तो बांधून बरा केला. १९६६ मध्ये पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन दर्यावर्दीला ती सापडली, तेव्हा ठणठणीत होती.

‘बघा, गोल्डिंग खोटा ठरला’ असं लिहायचा मोह आता होईल. आवरा. सहाच मुलं, एकमेकांना आधीपासून ओळखणारी, समुद्राच्या सवयीची. एवढ्याशा सॅम्पलवरून मानवी स्वभावाचा निष्कर्ष काढला तर व्हायव्हाला पहिल्या पाच मिनिटांत उलटतपासणी सुरू होईल. मला त्या घटनेतला दुसराच तपशील महत्त्वाचा वाटतो. ही मुलं बेटाच्या वरच्या भागात चढून गेली तेव्हा त्यांना जुन्या गावाची जागा सापडली. तिथे रानटी झालेली केळी होती, अळवासारखे कंद होते, आणि मोकाट कोंबड्या. शंभर वर्षांपूर्वी पळवून नेलेल्या लोकांच्या कोंबड्यांची ती पिल्लावळ. मुलं जगली ती त्यांच्यावर.