मुंबई उपनगरांतील तांत्रिक उद्योगांत स्त्रियांचे वेतन : तुलनेचा प्रश्न

समान कामास समान वेतन हे तत्त्व भारतीय संविधानाच्या ३९व्या अनुच्छेदात १९५० पासून नमूद आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा समान मोबदल्याविषयीचा १९५१ चा करारही भारताने १९५८ मध्ये मान्य केला. तत्त्वाच्या स्वीकारास फार विलंब झाला, असे म्हणता येणार नाही. परंतु 'समान काम' ठरवावयाचे तर त्या कामावर स्त्री व पुरुष दोघेही असावे लागतात. आणि मुंबईच्या उपनगरांत विज्ञानाधिष्ठित उद्योग ज्या रीतीने उभे राहिले, तीत नेमकी हीच गोष्ट दुर्मिळ होती.

स्वातंत्र्यानंतर मुलुंड, भांडुप, अंधेरी या पट्ट्यात औषधनिर्मितीचे कारखाने आले. त्यांत यंत्रे व रसायने यांची कामे प्रायः पुरुषांकडे आणि बाटल्या भरणे, लेबले लावणे, पॅकिंग करणे ही कामे स्त्रियांकडे, अशी वाटणी रूढ झाली. शिवाय मुंबईतील काही औषध कंपन्यांत अविवाहित स्त्रीने विवाह करताच नोकरी सोडावी, असा नियम होता. वरवर पाहता या नियमाचा वेतनाशी संबंध नाही. परंतु वेतनश्रेणीतील वार्षिक वाढ सेवाकालावर अवलंबून असते, आणि चार-पाच वर्षांतच जिची सेवा संपुष्टात येते ती स्त्री श्रेणीच्या वरच्या टोकास पोहोचणार कशी? बॉम्बे लेबर युनियन विरुद्ध इंटरनॅशनल फ्रँचायझेस या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये असा नियम रद्द ठरविला. विवाहित स्त्रिया अधिक गैरहजर राहतात आणि हे काम गटाने करावयाचे असते, ही मालकांची कारणे न्यायालयास पटली नाहीत. मात्र पॅकिंग विभाग स्त्रियांचाच का, हा प्रश्न त्या वादात नव्हता.

समान मोबदला कायदा १९७६ मध्ये संमत झाला. त्याची खरी कसोटी लागली ती कारखान्यात नव्हे, तर मॅकिनॉन मॅकेन्झी या जहाजवाहतूक व्यवसायातील कंपनीच्या मुंबईच्या कचेरीत. तेथील स्टेनोग्राफर ऑड्रे डिकोस्टा यांनी, पुरुष स्टेनोग्राफरांहून आपणांस कमी वेतन मिळते, अशी तक्रार केली. वरिष्ठ अधिकाऱ्यांकडील 'गोपनीय' स्टेनोग्राफर हा स्त्रियांचा निराळा वर्ग असून युनियनशी झालेल्या करारानेच ही वेतने ठरली आहेत, असा कंपनीचा बचाव होता. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. आर्थिक असमर्थतेची सबबही मान्य केली नाही. डिकोस्टा यांचा पक्ष टिकला, कारण शेजारच्या खोलीत तेच काम करणारा पुरुष होता. निराळे नाव दिल्याने काम निराळे होत नाही, हे तेथे दाखविता आले.

अंधेरीच्या 'सीप्झ'मध्ये ते दाखविणे कठीण होते. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या या इलेक्ट्रॉनिक निर्यात क्षेत्राच्या नावात सांताक्रूझ असले, तरी ते वसले आहे अंधेरीत. सुटे भाग जोडण्याच्या कामावर तेथे मुख्यत्वे तरुण स्त्रिया नेमल्या गेल्या. त्यांची बोटे नाजूक व चपळ असतात, असे समर्थन जगभरच्या अशा क्षेत्रांत केले जाई. वास्तविक ज्या कौशल्यासाठी निवड होते, ते वेतन ठरविताना कौशल्य म्हणून मोजले जावे. परंतु ते निसर्गदत्त मानले की प्रशिक्षणाचे मोल त्यास मिळत नाही. आणि ज्या ओळीत पुरुष कामगारच नाही, तेथे तुलना कोणाशी करणार? १९७६ च्या कायद्याला आपल्यात सामावून घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेतही समान वा समान स्वरूपाचे काम, तेही एकाच मालकाकडील, हीच कसोटी आहे.

वरच्या श्रेणीतील अडचण याच्या उलट होती. अभियंत्याचे वेतन पदानुसार ठरत असे. पण त्या पदापर्यंत स्त्री पोहोचतच नसे. १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापले होते, आणि त्याविरुद्ध सुधा कुलकर्णी (पुढे मूर्ती) यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले, ही हकिगत सर्वश्रुत आहे. नोकरभरतीतील असा भेद १९७६ च्या कायद्याने निषिद्ध केला. पदोन्नती, प्रशिक्षण व बदली यांचा समावेश मात्र १९८७ च्या दुरुस्तीने झाला. पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था १९५८ पासून अभियंते घडवीत आहे. तेथे व इतर भगिनी-संस्थांत मुलींसाठी जादा जागा निर्माण झाल्या त्या २०१८ मध्ये. आणि त्या वर्षी गाठावयाचे प्रमाण होते १४ टक्के.