पेशंट इकडे, पैसे तिकडे

तुम्ही ब्रिटनमध्ये राहत असाल तर जीपीकडे नाव नोंदवताना पत्ता लिहून दिलाच असेल. तो फक्त पत्र पाठवायला लागतो असं वाटतं ना? तुमच्या उपचाराचं बिल कोणाच्या खात्यातून जाणार, हेही बऱ्याचदा त्या पत्त्यावरूनच ठरतं. आणि ह्या हिशोबाची भांडणं बरीच जुनी आहेत.

५ जुलै १९४८ ला एनएचएस सुरू झाली. तेव्हा पैसे वाटायची रीत अशी, की ज्या भागात हॉस्पिटलं आधीच होती तिथे खर्च जास्त, म्हणून पुढच्या वर्षीही तिथेच जास्त. लंडनमध्ये नावाजलेली टीचिंग हॉस्पिटलं एकमेकांना खेटून उभी होती. उत्तरेकडच्या खाणी-गिरण्यांच्या भागांत आजार जास्त आणि पैसा कमी. पंचवीसेक वर्षं हे असंच चाललं.

१९७५ मध्ये, डेव्हिड ओवेन आरोग्यखात्याचे मंत्री असताना, एक गट नेमला गेला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'रॉप' म्हणतात. १९७६ च्या अहवालात त्यांनी सांगितलं की इमारती बघू नका, माणसं बघा. लोकसंख्या किती, वयं काय, मृत्यूचं प्रमाण किती, त्यावरून प्रत्येक विभागाचा वाटा काढा.

कल्पना न्याय्यच होती. पण नॉर्फकचा माणूस ऑपरेशनला लंडनला गेला तर? वाटा नॉर्फकच्या विभागाला, खर्च लंडनला! म्हणून त्यांनी अशा ये-जा करणाऱ्या पेशंटांची वजाबाकी-बेरीज सुरू केली. खरी गंमत (पेशंटसाठी कसली गंमत म्हणा) इथे आहे. आकडे जुन्या वर्षांचे, दर सरासरीचा, आणि दुरुस्ती व्हायची ती विभागाच्या 'लक्ष्यात'. हातात पडणारी रक्कम त्या लक्ष्याकडे हळूहळूच सरकायची. पेशंट मात्र आजच दारात उभा. जास्त पेशंट घेणारं हॉस्पिटल त्यामुळे उलट अडचणीत यायचं.

१९९१ मध्ये बाजाराची पद्धत आली, पैसे पेशंटच्या मागे जातील म्हणून. करार नसलेल्या हॉस्पिटलात कुणी गेला की त्या एकेका माणसाचं वेगळं बिल आणि त्यावर पत्रव्यवहार. १९९९ मध्ये तो प्रकार बंद केला. त्याच वर्षी वेल्सचा आरोग्यकारभार वेल्सकडे गेला आणि भांडणाला नवी हद्द मिळाली.

तळकोकणातल्या कुणाला हे समजावून सांगायला नको. सिंधुदुर्गाचे पेशंट वर्षानुवर्षं गोव्यात बांबोळीला जातात, आणि २०१८ पासून गोवा सरकारने बाहेरच्यांना शुल्क लावलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! वेल्सच्या हद्दीवर पेशंटच्या हातात बिल देत नाहीत. तिथे वसुली वेळेत होते. २०१९ मध्ये दरांच्या वादातून चेस्टरच्या हॉस्पिटलने वेल्सचे नवे नियोजित पेशंट घेणं थांबवलं. काही आठवड्यांनी तडजोड झाली. पॉविस परगण्यात तर मोठं जनरल हॉस्पिटलच नाही, लोक श्रूजबरी किंवा हेरफर्डला जातात. पैशाची तूट आली तेव्हा तिथल्या आरोग्य मंडळाने इंग्लंडच्या हॉस्पिटलांना सांगितलं, की आमच्या पेशंटांना नियोजित उपचारांसाठी वेल्समध्ये थांबावं लागतं तितकंच थांबवा. जुलै २०२५ पासून ते लागू झालं. म्हणजे गुडघा बदलायला आलेले दोघं, सर्जन तोच, ऑपरेशन थिएटर तेच. पॉविसचा पत्ता असलेल्याची तारीख नंतरची, सर्जनला वेळ असला तरी.