संशयाचा रंग

अमेरिकन बोलपटांच्या इतिहासांत १९५९ हें साल एका लहानशा चित्रपटामुळें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. सॅम्युएल फुलर यांनीं कोलंबिया कंपनीकरितां काढलेल्या ‘द क्रिमझन किमोनो’ या बोलपटांत खून आहे, पोलिसी तपास आहे. परंतु त्याचा खरा विषय निराळाच आहे.

त्या विषयाचें महत्त्व कळण्यास थोडें मागें जावें लागतें. १९४२ सालीं अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हुकुमान्वयें पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारें १,२०,००० लोकांना घरेंदारें सोडून छावण्यांत जावें लागलें. त्यांपैकीं सुमारें दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. गोरे व जपानी यांच्यांतील विवाहास तर कॅलिफोर्नियांत १९४८ पर्यंत कायद्याची बंदी होती.

अशा भूमीवर फुलर यांनीं चार्ली हा गोरा व जो कोजाकू हा जपानी वंशाचा, असे दोन पोलीस अधिकारी उभे केले. कोरियाच्या युद्धांतले हे सोबती लॉस एंजेलिसमध्यें एकाच बिऱ्हाडांत राहतात. एका नर्तकीच्या खुनाचा तपास करतांना त्यांस ख्रिस्टीन ही चित्रकर्ती भेटते. दोघांचेंही मन तिच्यावर जडतें. तिचें मात्र जोवर. जोच्या मनांतील घालमेल केंडो या जपानी काठीयुद्धाच्या सामन्यांत उसळते व तो नियम झुगारून मित्रास झोडपतो. पुढें तो आपलें प्रेम कबूल करतो, तेव्हां चार्लीच्या मुद्रेवर त्याला वर्णद्वेष दिसतो. वस्तुतः तो साधा मत्सर असतो. अखेरीस, खुनामागेंही असाच पोकळ संशय होता, हें कळल्यावर जोचे डोळे उघडतात.

येथें एक शंका उरते. दोष जोच्या संशयावर टाकला, तो न्याय्य झाला काय? सतराच वर्षांपूर्वीं ज्या समाजाला सरकारनेंच संशयित ठरविलें, त्यांतील माणसानें शेजाऱ्याच्या मुद्रेंत द्वेष वाचला, तर तें नवल नव्हे. फुलर यांना याची जाणीव असावी. म्हणूनच त्यांनीं एव्हरग्रीन स्मशानांतील जपानी वंशाच्या अमेरिकन सैनिकांचें स्मारक पडद्यावर आणलें. तथापि छावण्यांबद्दल क्षमा मागणारा व हयात पीडितांस प्रत्येकीं २०,००० डॉलर देणारा कायदा अमेरिकेंत झाला, तो १९८८ सालीं. चित्रपटांतील दोन मित्रांचा समेट त्याच्या २९ वर्षें आधींच झाला होता.