पिवळ्या दिव्याची गोष्ट

मंडळी, परवा गाडीचा गळका कूलंट पाइप घरीच बदलला. गळती थांबली, पण इंजिनाचा पिवळा दिवा लागला! कोड निघाला पी०११८: कूलंटचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त.

हा दिवा आला कुठून? १९५० च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये धुरक्यानं डोळे चुरचुरत. अननसाच्या स्वादावर काम करणाऱ्या हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञानं दाखवलं, की मोटारींचा धूर आणि ऊन मिळून ते तयार होतं. पुढे कॅलिफोर्नियानं १९८८ च्या मॉडेलपासून गाडीनं आपले दोष आपणच ओळखावेत अशी सक्ती केली. १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींना एकच कोडभाषा आली.

म्हणजे दिवा मुळात हवेसाठी! सेन्सरची वायर सुटली, की कॉम्प्युटरला इंजिन उणे ४० अंशांवर असल्यासारखं दिसतं. थंड समजून पेट्रोल जास्त सोडलं, की धूर वाढतो.

नवा सेन्सर मागवणारच होतो. आधी बॉनेट उघडलं. पाइप बदलताना मीच काढलेला कनेक्टर अर्धवट बसला होता. 'टक्' वाजेपर्यंत दाबला, कोड पुसला. दिवा गेला.

कोड दोष कुठल्या सर्किटात आहे एवढंच सांगतो. तो कोणी केला, ते आपणच शोधायचं!